पाण्याखालचा पूल

कुंभार पिंपळगावला जायचे म्हटले की मला आधी पिके आठवत नाहीत, पूल आठवतात. जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात हे बाजारपेठेचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब येथून जवळच. दक्षिणेला गोदावरी आणि तिच्या पलीकडे बीड जिल्हा. जमीन काळी, कसदार. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या तालुक्यात खेळू लागले आणि कपाशीच्या जोडीला ऊस उभा राहिला. मुलूख पाहण्यासारखा आहे. पण गोदावरीकडे धावणारे ओढे-नाले रस्त्याला आडवे येतात. मी खात्यात नवा होतो तेव्हा यांतल्या कितीतरी नाल्यांवर बसके नळकांडी पूलच होते. उन्हाळ्यात त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नसे. पावसाळ्यात मात्र सारे गाव पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे असे वाटले जाई.

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी फार होती. त्यासाठी पिंपळगावला शेतकऱ्यांची बैठक घेतली. बैठक लांबली. चहापाणी होईपर्यंत दिवस कलला आणि वरच्या अंगाला आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला. जीपने परत निघालो तो पहिल्याच मोठ्या नाल्याच्या पुलावरून गढूळ पाणी चाललेले. काठावर एक म्हातारे शेतकरी बैलगाडी थांबवून बिडी ओढीत बसले होते.

"काय बाबा, पाणी किती आहे?" मी विचारले.

"साहेब, बैलं पाय टाकीनात. मग म्या बी थांबलो," ते म्हणाले.

आमचे ड्रायव्हर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी वडील. ते म्हणाले, "साहेब, तासभर थांबू. वरचा पाऊस उघडलाय, पाणी उतरंल." मी हातातले घड्याळ पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला बैठक होती, आणि अंगात नव्या नोकरीची रग होती. मी म्हणालो, "गुडघ्याच्या खालीच दिसतंय. घ्या हळूहळू."

त्यांनी पहिला गिअर टाकला. पुलाच्या कडेचे दोन दगड तेवढे पाण्यावर डोके काढून होते. त्यांच्या अंदाजाने गाडी चालली. निम्म्यावर गेलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. डाव्या दाराला पाणी थडकू लागले. पायाखाली ओल लागली. एवढ्यात जीपचा मागचा भाग हातभर उजवीकडे सरकला. चाके जमिनीवर नाहीत हे बसल्या जागी कळले. ड्रायव्हरने पाय उचलला नाही, स्टिअरिंग झटकले नाही. गाडी पुन्हा टेकली आणि रडतरखडत पार झाली. घरी पोहोचेपर्यंत आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच रस्त्याने परत आलो. पाणी उतरले होते. पुलाची उजवी बाजू, खालच्या अंगाची, जागेवर नव्हती. दोन नळे निखळून नाल्यात पडले होते आणि वरची फरशी कोर तुटल्यासारखी तुटली होती. आदल्या संध्याकाळी आमचे उजवे चाक जिथून गेले असावे, तिथून तो खड्डा वीतभरावर होता. पूल आमच्या आधी खचला की मागून, हे आजही मला माहीत नाही. ते बाबा शेतावर भेटले. रात्री नऊला पाणी उतरल्यावर दुसऱ्या वाटेने घरी गेल्याचे त्यांनी सांगितले. त्यांचे फक्त जेवण उशिरा झाले होते.

असे का होते, हे मी पुढे समजून घेतले. पाणी पुलावरून खालच्या अंगाला उडी घेते आणि जिथे पडते तिथली माती उकरते. वरून फरशी साबूत दिसते, पण तिच्याखाली पोकळी झालेली असते. पुलाच्या दोन्ही टोकांचा मातीचा भरावही असाच वाहून जातो. म्हणून पूर ओसरल्यानंतरचा पूल पुरातल्या पुलाइतकाच फसवा असतो.

दुसरी गोष्ट गाडीच्या वजनाची. आपल्याला वाटते, जड गाडी वाहणार कशी? साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद मोटार घ्या. पाणी तिच्या तळाला लागले की पुढच्या दर १५ सेंटिमीटरला ते तिला सुमारे ८०० किलोने वर उचलते. छोट्या मोटारीचे सारे वजनच हजार किलोच्या आतबाहेर असते. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. चाक उचलले की ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

हे कुठे एकाच गावी घडते असे नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एस. टी. बस वाहून गेली आणि माणसे दगावली. बसएवढे धूड वाहते तिथे आपल्या मोटारसायकलची काय कथा! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. बस आणि इतर वाहने नदीत गेली. पुढे रस्ताच उरलेला नाही, हे अंधारात येणाऱ्याला दिसले नाही. नव्या-जुन्या, लहान-मोठ्या साऱ्या पुलांना हाच न्याय लागू आहे.

आज रस्ते पूर्वीपेक्षा सुधारले आहेत, पण वाहनेही बदलली. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. कालव्याच्या अरुंद पुलाकडे उतार लागला की भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. उतारावर गिअर बदलू नये. पुलावर एका वेळी एकच वाहन घ्यावे. समोरून कोणी येत असेल तर आपण थांबावे, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक काम गावाने मिळून करण्यासारखे आहे. मृग लागण्याआधी नळ्यांत अडकलेल्या पळाट्या, काटेरी झुडपे आणि गाळ काढावा. नळे तुंबले की पुलाचा बांध होतो आणि पाणी लवकर वर चढते. कडेच्या दगडांना चुना लावावा आणि त्यांवर फुटाच्या खुणा कराव्यात. पूर ओसरल्यावर पहिले वाहन घालण्याआधी खालच्या अंगाने कोणीतरी जाणत्याने पूल पाहून यावे.

पुलाची फरशी दिसत नसेल तर गाडी घालू नये, मग पाणी कितीही थोडे वाटो. शाळेच्या पोरांची गाडी असो, दुधाचे कॅन असोत की बाजाराला निघालेली मोसंबी. तासा-दोन तासांचा खोळंबा भरून निघतो. घरची माणसे वाट पाहत असतात, आणि उशिरा का होईना, माणूस घरी आलेला त्यांना हवा असतो.

मी आता घनसावंगीकडे जाताना पाणी दिसले की गाडी बाजूला घेतो. बरोबरची तरुण मंडळी चुळबुळ करतात. मी त्यांना त्या बाबांच्या बैलांची गोष्ट सांगतो. गोष्ट संपेपर्यंत बहुतेक वेळा पाणीही उतरलेले असते.