शब्दशः

विद्यापीठातून मानसशास्त्राची एम. ए. पदवी चांगल्या गुणांनी मिळवून चिकित्सा-मानसशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जे विद्यार्थी आमच्याकडे येतात, त्यांच्याजवळ सिद्धान्तांचा संचय विपुल असतो, मनोविकारांची वर्गवारी त्यांना मुखोद्गत असते, रॉर्शाकच्या दहा शाईडागांपैकी कोणत्यांत रंग आहेत आणि कोणते नुसते करडे आहेत हे ते झोपेतून उठवले तरी सांगू शकतात. परंतु समोरच्या खुर्चीवर आताच बसून गेलेला माणूस नेमके काय म्हणाला असे विचारले असता ते जे सांगतात ते त्या माणसाचे बोलणे नसते, त्या बोलण्यावरचा त्यांचा अभिप्राय असतो. हा अभिप्राय पुष्कळदा बरोबरही असतो, आणि म्हणूनच त्याची सवय मोडणे अधिक कठीण जाते. चुकीचे उत्तर खोडता येते, घाईने दिलेल्या बरोबर उत्तराचे काय करावे हे अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मला आढळलेले नाही.

या शाखेचा आरंभ ज्या चिकित्सालयापासून धरतात, ते १८९६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी उघडले, आणि तेथे प्रथम आणला गेलेला मुलगा वेडा नव्हता किंवा आजारीही नव्हता. त्याला शुद्ध लिहिता येत नाही एवढीच त्याच्या शिक्षिकेची तक्रार होती. आपल्याकडे १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे मनोविकारांच्या डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञांच्याही पद्धतशीर प्रशिक्षणास प्रारंभ झाला. आता भारतीय पुनर्वास परिषदेच्या दप्तरी नाव चढल्याखेरीज हा व्यवसाय करता येत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येतच दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण व देखरेखीखालील प्रात्यक्षिक यांची अट घातली आहे. देखरेख कशी करावी याचा तपशील मात्र कायदा देत नाही, आणि तो देत नाही हे योग्यच आहे. ही देखरेख करणे हाच माझा बरीच वर्षे व्यवसाय असल्यामुळे तिच्याविषयी चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

आमचे विद्यार्थी एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात बसतात. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. दूरच्या तालुक्यांतून पहिल्या गाडीने आलेली माणसे भिंतीला टेकून शिदोरी सोडतात. डॉक्टरांच्या दाराशी उभे असलेले मामा नावे पुकारतात, आणि ज्यांना 'सायकॉलॉजीवाल्या ताईंकडे' पाठवायचे ते व्हरांड्याच्या टोकाला, प्लायवूडचा आडोसा घालून केलेल्या आमच्या खोलीत येतात. आडोशापलीकडचे अर्धे बोलणे अलीकडे ऐकू येते. गोपनीयतेवर व्याख्यान देऊन आलेल्या विद्यार्थ्याला येथे पहिल्याच दिवशी कळते की, आवाज किती खाली ठेवावा आणि रडू येऊ लागलेल्या बाईची खुर्ची कोणत्या बाजूला वळवावी, हेही गोपनीयतेतच मोडते.

माझा शिरस्ता असा की, पहिल्या सहामाहीत प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थ्याने त्या भेटीची शब्दशः नोंद लिहून आणावी. पानाच्या डाव्या बाजूस रुग्ण काय बोलला आणि आपण काय बोललो, जसेच्या तसे, गावच्या बोलीसकट. उजव्या बाजूस त्या वेळी आपल्या मनात काय आले ते. ध्वनिमुद्रणाची परवानगी मी आरंभी देत नाही. संमतीचा प्रश्न तर असतोच, पण यंत्र ऐकणार आहे असे ठाऊक असले की माणूस स्वतः ऐकेनासा होतो, हे त्याहून मोठे कारण. विद्यार्थ्यांना हा प्रकार जुनाट वाटतो, आणि एकाने तर, मॅडम, ही जबानी घेण्याची पोलिसी पद्धत झाली, असे मला तोंडावर सांगितले. पोलीस आपले स्वतःचे प्रश्न लिहून ठेवीत नाहीत, एवढाच फरक मी त्याला दाखवून दिला.

फरक तेवढाच असला तरी सगळे काही त्यातच आहे. एका विद्यार्थ्याने आणलेली पहिली नोंद मला अजून आठवते. (या लेखातील सर्व रुग्णांची ओळख पटेल असा तपशील मी बदलला आहे.) मध्यम वयाची एक गृहिणी, नवऱ्याने आणलेली, आणि कागदावर लिहिले होते ते असे: भावस्थिती उदास, निद्रा अपुरी, क्षुधा मंद, अपराधभावना उपस्थित. यात चुकीचे काहीच नव्हते. अपराधभावना उपस्थित आहे हे तुला कसे समजले, असे मी विचारले, तेव्हा तो गोंधळला, मग आठवून आठवून त्याने ते बोलणे लिहून काढले. बाई म्हणाली होती, ''परवा दूध उतू गेलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.'' आणि त्यावर आमच्या या हुशार विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न होता, ''बरं, आणि झोप कशी लागते?''

डाव्या बाजूच्या या तीन ओळी त्याने स्वतः मोठ्याने वाचून दाखवल्या आणि तो थांबला. त्याने निदानाचे सर्व निकष बरोबर तपासले होते, यादीतला एकही प्रश्न गाळला नव्हता, आणि त्या बाईने त्या दिवशी सांगितलेली एकमेव गोष्ट तो ओलांडून पुढे गेला होता. मला काही बोलावे लागले नाही. पुढच्या भेटीत त्याने तिला विचारले, ''सासूबाई बोलल्या असत्या तर काय बोलल्या असत्या?'' आणि मग जे निघाले त्याला पाऊण तास पुरला नाही.

सल्ला देण्याच्या हौसेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही; ती सर्वांनाच असते, पहिल्या वर्षाच्या अखेरीस बहुतेकांची ओसरते, आणि ज्यांची ओसरत नाही ते पुढे वर्तमानपत्रांत स्तंभ लिहितात.

त्याहून गंभीर प्रकरण आत्महत्येविषयीच्या प्रश्नाचे. पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असते की हा प्रश्न थेट विचारावा, विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे त्याला बोलण्याची वाट मिळते. विद्यार्थ्यांनी ते परीक्षेत लिहिलेलेही असते. तरीसुद्धा त्यांच्या नोंदींत मला वर्षानुवर्षे एकच वाक्य सापडत आले आहे: ''मनात काही वाईटसाईट विचार येत नाहीत ना?'' या वाक्याला 'नाही' हे उत्तर आधीच शिवलेले आहे. विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायचे आहे हे समोरच्याला कळते, आणि दुःखात असलेला माणूससुद्धा समोरच्या पोरीला घाबरवू नये म्हणून 'नाही' म्हणण्याइतका सभ्य असतो. म्हणून आम्ही विभागातील एका रिकाम्या खोलीत परस्परांसमोर बसून हा प्रश्न उच्चारण्याचा सराव करतो. ''जीव द्यावासा वाटतो का?'' ''कसा द्यायचा हे मनात ठरवलंय का?'' ''घरात फवारणीचं औषध कुठे ठेवता?'' पहिल्या वेळी आवाज कापतो, कोणी हसते, कोणी खोकते. हसणाऱ्याला मी रागावत नाही; भीतीला वाट हवीच असते, आणि ती रुग्णासमोर फुटण्यापेक्षा येथे फुटलेली बरी. फवारणीच्या औषधाचा प्रश्न शहरात वाढलेल्यांना प्रथम सुचत नाही. शेतकरी कुटुंबातून आलेली एक विद्यार्थिनी तो आपण होऊन विचारीत असे, आणि तो तिच्याकडूनच आमच्या सरावात आला.

आता चाचण्यांविषयी. सरकारी रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाच्या दिवसाचा मोठा हिस्सा बुद्ध्यंक काढण्यात जातो, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि बौद्धिक अक्षमतेच्या प्रकरणी ते देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे आमचा आकडा ठेवावा लागतो. हा आकडा ज्या साधनांनी काढला जातो त्यांपैकी बिने-कामत ही मापनश्रेणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या परिसरातील मराठी व कानडी मुलांसाठी १९३० च्या दशकात सिद्ध केली. भाटिया यांची कृतिचाचणीमाला १९५५ ची. त्या काळी एकेका माणसाने केवढे काम उपसले हे पाहून आदर वाटतो, आणि तीच साधने आजही पेटीतून निघतात हे पाहून दुसरेही काही वाटते. (त्यांतले प्रश्न छापू नयेत हा आमच्या व्यवसायाचा दंडक असल्यामुळे उदाहरणे देता येत नाहीत.) एम. ए.च्या वर्गात विद्यार्थी या चाचण्या एकमेकांवर घेतात. समोर बसलेला सहाध्यायी सुशिक्षित, उत्तर देण्यास उत्सुक आणि परीक्षेची तारीख ठाऊक असलेला. अशा माणसावर शिकलेली चाचणी रुग्णालयात पहिल्याच दिवशी लंगडी पडते.

एका दुष्काळी तालुक्यातून चौदाएक वर्षांचा मुलगा बापाबरोबर आला. बाप त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला, आणि मुलगा चाचणीत चांगला निघाला तर प्रमाणपत्र हुकेल या धास्तीने दर प्रश्नाला, ''त्याला काय येत न्हाई, ताई,'' असे मागून म्हणत होता. मुलगा गप्प. विद्यार्थिनीने नियमानुसार चाचणी पूर्ण केली, आकडा काढला आणि शेरा लिहिला: सहकार्य असमाधानकारक. तिच्या नोंदीत डावी बाजू जवळजवळ कोरी होती. मी तिला एवढेच सांगितले की, मुलगा बोलत नसेल तर बापाचे शब्द तरी लिहून आण. सकाळी उठल्यापासून हा काय काय करतो ते विचार.

ती पुन्हा जाऊन बसली, आणि या वेळी तिने बापाला बाहेर न काढता शेजारीच बसवले. मग कळले की मुलाला शेरडे मोजता येत नाहीत, पण संध्याकाळी एखादे कमी असले तर कोणते ते तो बिनचूक सांगतो, एकटा एस. टी.ने मामाच्या गावी जातो, आणि सगळे पैसे रुमालात बांधून कंडक्टरपुढे धरतो, त्यातले हवे तेवढे तो काढून घेतो. हे सांगताना बाप हळूहळू विसरला की आपण मुलाला कमी दाखवायला आलो आहोत. मुलगाही मध्येच दोन वाक्ये बोलला, त्यातले एक बापाची चूक दुरुस्त करणारे. या सर्व मजकुराच्या आधारे तिने मालिन यांनी नागपुरात भारतीय रूपात आणलेली व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची श्रेणी भरली. आकड्यात फार फरक पडला नाही, प्रमाणपत्राला अडचण आली नाही. पण अहवालाला दुसरे पान जोडले गेले, ज्यात या मुलाला काय येते, कोणते काम शिकवता येईल आणि पैशांचा व्यवहार कोठून सुरू करावा, हे लिहिले होते. मंडळाच्या कारकुनाने पहिले पान फायलीला लावले आणि दुसरे परत केले, कारण नमुन्यात त्याला रकाना नव्हता. विद्यार्थिनीने ते बापाला वाचून दाखवले आणि त्याच्या पिशवीत ठेवून दिले.

इकडे आमच्या अभ्यासक्रमाच्याच मुदतीचा प्रश्न उभा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. पदवी बंद केली, आणि आमच्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पदवी तीच. आमच्या शाखेला मुदतवाढ मिळाली, आणि दरम्यान नव्या रचनेचे मसुदे विभागात फिरू लागले. एका मसुद्यावर मी लिहून दिले आहे की, पहिल्या सहामाहीत चाचण्यांच्या पेट्या कुलुपात ठेवाव्यात, त्या वेळात केवळ शब्दशः नोंदी घ्याव्यात, आणि एका देखरेखकाकडे इतकेच विद्यार्थी द्यावेत की त्या नोंदींची प्रत्येक ओळ त्याला त्यांच्यासमोर बसून वाचता येईल. सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, नोंदीला गुण कसे द्यायचे, बहिःस्थ परीक्षकाने काय तपासायचे, आणि रुग्णाचे शब्द विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवणे २०१७ च्या कायद्यातील गोपनीयतेच्या कलमात बसते का. शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून नोंदींना गुणच देऊ नयेत अशी दुरुस्ती मी सुचवली. तेव्हा, ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी लिहिणार नाहीत, असे उत्तर आले. मसुदा सध्या अभ्यास मंडळाकडे आहे. पेट्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, आणि मंडळाचा निर्णय होईपर्यंत ती सहामाही संपेस्तोवर मी कोणाला देत नाही.