नाताळची सुट्टी आणि वेरूळ

बँकेतील माझ्या पहिल्या आठ वर्षांत नाताळ ही सुट्टी वाटलीच नाही. 25 डिसेंबरला शाखेचे दार बंद असे, हे खरे. परंतु त्या काळी बँकांचे हिशेबी वर्ष 31 डिसेंबरला संपत असे. शेवटचा आठवडा व्याजाची आकारणी, खतावण्यांचा ताळमेळ आणि कुठेतरी दडून बसलेला काही पैशांचा फरक शोधण्यात जाई. 1989 पासून वर्षअखेर 31 मार्चवर गेली आणि डिसेंबर मोकळा झाला. सवय मात्र मोडली नाही. मुले लहान असताना मी त्यांना नाताळात कुठेही नेले नाही, याची बोच अजून आहे.

आमच्या घरी, श्रीरामपूरला, तर सुट्टी हा शब्दच फारसा वापरात नव्हता. दुकान संवत्सरीला बंद, महावीर जयंतीला बंद. एरवी दिवा लावायच्या वेळेपर्यंत गादीवर कोणीतरी बसलेले असलेच पाहिजे. 1973 मध्ये वडील आजारी पडले. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते तेव्हा महाविद्यालयात होते. त्यांनी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली आणि गादीवर बसले. त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेला मी पुढे एम. कॉम. झालो, बँकेत अधिकारी झालो. या गोष्टीचा उच्चार आमच्यात कधी झाला नाही. व्यापारी घरांत अशा जमा-खर्चाची नोंद वहीत होत नाही.

1975 च्या नाताळात आमच्या महाविद्यालयाची सहल वेरूळला निघाली. दादांनी गल्ल्यातून पंधरा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. परत आल्यावर रात्री दुकान आवरताना मी त्यांना कैलास लेण्याचे वर्णन सांगत होतो आणि ते पोत्यांची मोजदाद करीत ऐकत होते. शंभर किलोमीटरच्या आसपास असलेले ते वेरूळ त्यानंतर दादांनी पाहिलेच नाही, अशी माझी समजूत होती.

गेल्या नाताळात ठरवले, की या वेळी दादांना न्यायचेच. दुकान आता पुतण्या पाहतो, तेव्हा सबबही उरली नव्हती. दादांची नऊ वर्षांची नात सुट्टीत होतीच. शाळेतल्या नाताळाच्या कार्यक्रमातली लाल कागदी टोपी डोक्यावर घालून ती सर्वांच्या आधी गाडीत जाऊन बसली. पहाटे निघालो. गावातल्या ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या अजून उजळलेल्या होत्या. ‘या दिव्यांसाठी लागणारी वायर आपल्याच बाजारातून जाते’, दादा म्हणाले. व्यापाऱ्याचे निरीक्षण!

वैजापूरच्या पुढे सूर्य वर आला. दादांची नवकारसी असते. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे झाल्याखेरीज पाणीही नाही. नातीने घड्याळ हातात घेतले आणि दर पाच मिनिटांनी उरलेली मिनिटे जाहीर करू लागली. वेळ भरताच एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली. उकळून आणलेले पाणी, दशम्या, तिळाची चटणी, खाकरे. अंगावर शाल, समोर कापसाचे रान. त्या न्याहारीची चव मोठमोठ्या हॉटेलांत मिळाली नाही, हे मी बँकेच्या खर्चाने पुष्कळ ठिकाणी जेवलेला माणूस म्हणून सांगतो.

वेरूळची एकूण लेणी चौतीस. त्यांतील 30 ते 34 ही जैन लेणी उत्तरेच्या टोकाला, इतरांपासून अंतरावर आहेत. बहुतेक पर्यटक कैलास पाहून थकतात आणि तेथूनच परततात. 1975 मध्ये आमच्या सहलीनेही तेच केले होते. जैन घरातला मुलगा असून मी जैन लेणी न पाहता परतलो होतो आणि दादांनी तेव्हा त्याविषयी विचारले असता ‘वेळ नव्हता’ एवढेच म्हणालो होतो. यंदा म्हणून क्रम उलटा केला. आधी बसने थेट तिकडे.

बत्तिसावे लेणे इंद्रसभा. हत्तीवर आरूढ झालेल्या यक्षाला कोणीतरी इंद्र मानले आणि तेच नाव रूढ झाले. अंगणात एकाच पाषाणातून कोरलेले चौमुख मंदिर आहे, बाजूला प्रचंड हत्ती. आत एकीकडे नागफणेखाली पार्श्वनाथ, दुसरीकडे अंगावर वेली चढलेले ध्यानस्थ बाहुबली. नातीने विचारले, ‘छोटे आजोबा, वेली चढेपर्यंत ते एकाच जागी उभे होते?’ मी हो म्हणालो. ती एकदम गप्प झाली. डोक्यावरची टोपी तिने आपण होऊन काढली.

वरच्या मजल्याचा जिना पाहून मी दादांना खालीच बसा म्हणालो. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतात. त्यांनी माझ्याकडे लक्ष न देता नातीचा हात धरला. ती पायऱ्या मोजत होती, ते प्रत्येक पायरीवर थांबत होते. वर मात्र त्यांना बोलावेना. सिंहावर बसलेली, आंब्याच्या झाडाखालची अंबिका, नक्षीने भरलेले खांब, छतावर उरलेले रंगांचे तुकडे. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘खाली एवढे काम दिसले नाही.’ मी वाचलेले सांगितले, की ही लेणी वरून खाली कोरीत आणत; येथे वरचा मजला सजला, तळमजला बराचसा साधाच राहिला.

‘वरचे आधी पुरे केले,’ दादा म्हणाले. ‘खालचे राहिले ते राहिले.’

मी काही बोलू शकलो नाही. त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

खाली उतरल्यावर त्यांनी सहज सांगितले, ‘मी एकदा आलो होतो रे. बारा-तेरा वर्षांपूर्वी, खुलताबादला उधारीच्या वसुलीसाठी. मंगळवार होता. लेणी बंद. दारावरूनच परत गेलो.’ मी विचारले, मग कधी सांगितले का नाही? ते म्हणाले, ‘पाहिलेच नाही, तर सांगायचे काय?’

दुपारी कैलास पाहिले. पन्नास वर्षांपूर्वीच्या माझ्या वर्णनात त्यांना दोन चुका सापडल्या, आणि त्या दाखवताना ते फार खूष होते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे म्हणून लवकर निघालो. वाटेत एका रसवंतीवर थांबलो. ‘आले घालू नका, चरक आधी धुऊन घ्या,’ दादांनी बजावले. रसवंतीवाल्याने दोन्ही गोष्टी हसतमुखाने केल्या.

मी पैसे काढू लागलो, तर दादांनी माझा हात धरला.

‘सहलीहून आल्यावर तू तीन रुपये परत आणून दिले होतेस. ते जमेला आहेत,’ असे म्हणून त्यांनी खिशातून साठ रुपये काढले, तीन ग्लासांचे, आणि मोजून दिले.