एकशेदोन पूर्णांक चारशे सदतीस सहस्रांश

आपल्याकडे माणसाच्या वयाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. पंचविशीत गाढवपणा करायचा, साठीला बुद्धी गहाण टाकायची, आणि तब्येतीनं साथ दिलीच तर सहस्रचंद्रदर्शनाच्या पाटावर बसायचं. त्यापुढे गेलेल्या माणसाबद्दल आपण 'अजून हिंडतात-फिरतात हो!' असं म्हणतो ते कौतुकानंच. पण त्या कौतुकाला तक्रारीचा एक बारीकसा वास येतो.

म्हणूनच मला व्हल्कन लोकांचं पहिल्यापासून कुतूहल. ज्यांची त्यांच्याशी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही येऊन गेली. टोकदार कानांचा, चढलेल्या भुवयांचा नि कोऱ्या चेहऱ्याचा तो मिस्टर स्पॉक आठवतो ना? तो व्हल्कन. म्हणजे निम्मा. त्याची आई माणूस, वडील अस्सल व्हल्कन. हे लोक भावना कडीकुलपात ठेवतात, तर्काला सोडून बोलत नाहीत आणि दोनशे वर्षं जगतात.

आता दोनशे वर्षं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, पोरगं पस्तिसाव्या वर्षी मॅट्रिक होत असेल आणि पन्नाशीत मुली बघायला लागत असेल. छे! १९७३ सालच्या कार्टून मालिकेत सात वर्षांचा स्पॉक दाखवलाय, तो चांगला सात वर्षांचाच दिसतो. दुसरी पोरं त्याला आईवरून चिडवतात, हेही अगदी आपल्या शाळेतल्यासारखं. म्हणजे बालपण आपल्याएवढंच. जादा मिळालेली शंभरेक वर्षं सगळीच्या सगळी मधल्या वयात घातलेली. मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटतो. 'स्टार वॉर्स'वाल्यांनी काय केलं बघा. त्यांचा योडा ९०० वर्षांचा होऊन वारतो हे ठीक आहे. पण २०१९ च्या 'मँडलोरियन'मध्ये त्याच्याच जातीचं बाळ ५० वर्षांचं होऊन अजून पाळण्यात! पन्नास वर्षं दुपटी धुवायची म्हणजे काय चेष्टा आहे?

स्पॉकचे वडील सारेक हे राजदूत. १९६७ सालच्या एका भागात जहाजावरचे डॉक्टर त्यांना विचारतात, की शंभरीच्या घरात निवृत्त होणं व्हल्कन माणसाला जरा लवकरच नाही का? सारेक शांतपणे दुरुस्ती करतात, की आपलं वय पृथ्वीच्या मापानं १०२.४३७ वर्षं आहे. एकशेदोन पूर्णांक चारशे सदतीस सहस्रांश! शंभरी उलटलेल्या माणसाला 'इतक्या लवकर का हो घेतलीत?' म्हणणारा समाज, याची पेन्शनीत निघालेल्या मंडळींनी नुसती कल्पना करून पाहावी. निवृत्तीचं खरं कारण मात्र हृदयविकार असतं, आणि तो त्यांनी बायकोपासून चोरून ठेवलेला असतो. तर्कशुद्ध व्हायला दुसऱ्या ग्रहावर जावं लागतं. औषधाच्या गोळ्या बायकोपासून लपवायला कुठंही जावं लागत नाही.

त्याच भागात कळतं, की हे बापलेक १८ वर्षं एकमेकांशी बापलेकासारखे बोललेलेच नाहीत. कारण काय, तर मुलानं वडिलांच्या पसंतीची विज्ञान अकादमी सोडून अंतराळातली नोकरी धरली. शेवटी मुलाचं रक्त घेऊन वडिलांचं ऑपरेशन होतं, दोघं शेजारी शेजारी पडतात आणि बोलायला लागतात. कशावर? तर आई किती भावनाप्रधान आहे यावर!

आमच्या अण्णांनी सरकारी कचेरीत हिशेब लिहिण्यात जन्म काढला. त्यांचं-माझं बोलणं आईमार्फत. 'त्याला विचार, जेवणार आहे का.' मी समोरच बसलेला. ताईच्या पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत असताना अण्णा मांडववाल्याबरोबर खुर्च्या मोजत होते. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी टीव्हीवर कुणाच्याही मुलीची पाठवणी सुरू झाली, अगदी दागिन्यांच्या जाहिरातीतली का असेना, की त्यांचे डोळे वाहायला लागतात.

सारेकचं नेमकं हेच होतं. १९९० सालच्या भागात ते २०२ वर्षांचे आहेत. वाद्यांची मैफल ऐकता ऐकता त्यांच्या गालावरून अश्रू ओघळतो. व्हल्कनांच्या लेखी ही भयंकर गोष्ट. दोनशेच्या पुढे त्यांच्यातल्या काहींना एक रोग होतो आणि जन्मभर दाबलेलं सगळं बाहेर पडायला लागतं. घरची माणसं झाकापाक करतात. गंमत म्हणजे त्यांच्या मनातली खळबळ जहाजभर पसरते आणि सगळे विनाकारण एकमेकांवर खेकसायला लागतात. म्हातारं माणूस आजारी असलेल्या घरात राहिलेल्याला यात काही नवल वाटणार नाही.

व्हल्कनांना चेहऱ्यावर बोटं टेकवून दुसऱ्याच्या मनात शिरण्याची विद्या येते. त्या विद्येनं जहाजाचा कप्तान पिकार्ड काही तासांसाठी सारेकचं सगळं ओझं आपल्या मनावर घेतो. मग रडतो तो पिकार्ड. अमांडावर, स्पॉकवर किती जीव होता, हे सारेकनं कधी न बोललेलं त्याच्या तोंडून बाहेर पडतं. ऐकायला स्पॉक तिथे नसतो.

१९९१ साली सारेक जातात. वडील गेल्याची बातमी दूरच्या ग्रहावर असलेल्या स्पॉकला पिकार्डच देतो. तोवर स्पॉकनंही शंभरी केव्हाच ओलांडलेली. निघताना बोलता बोलता तो सांगतो, की वडील आणि मी एकमेकांच्या मनात कधी शिरलोच नाही. एवढी विद्या दोघांच्या बोटांत, हाताशी शंभरावर वर्षं, आणि नाहीच.

पिकार्ड म्हणतो, त्यांनी माझ्यापाशी जे ठेवलंय ते तू घेऊ शकतोस. स्पॉक क्षणभर थांबतो आणि त्याच्या चेहऱ्यावर बोटं टेकवतो. भाग तिथेच संपतो. त्याला काय ऐकू आलं, ते आपल्याला कुणी सांगत नाही.