फिजीच्या ऊसनगरीत तीन दिवस

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला आणि न्यूझीलंडच्या उत्तरेला, पॅसिफिक महासागरात तीनशेहून अधिक लहानमोठी बेटे मिळून फिजी हा देश झाला आहे. त्यातील विटी लेवू या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लौटोका हे शहर आहे. राजधानी सुवानंतरचे हे देशातले दुसरे शहर. तिथले लोक त्याला 'शुगर सिटी' म्हणजे साखरेचे शहर म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही उभयता या शहरात तीन दिवस राहून आलो.

बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याची माणसे तिथे कशी पोहोचली, हे आधी सांगितले पाहिजे. आमचा मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला वायरमनचे काम करतो. त्याच्या शेजारी लौटोकाहून आलेले एक भारतीय वंशाचे कुटुंब राहते. आम्ही परत निघालो तेव्हा त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला की, तुमचे विमान फिजीमार्गेच जाते, तर आमचे गाव बघितल्याशिवाय जाऊ नका. मुलाने तिकीट तसे करून दिले. मोठ्या बॅगा विमानतळावर ठेवल्या आणि पाठीवर एकेक सॅक घेऊन आम्ही बाहेर पडलो.

विमान उतरते त्या गावाचे नाव इंग्रजीत 'नडी' असे लिहितात, पण उच्चार 'नांदी' असा आहे. तिथून लौटोका सुमारे पंचवीस किलोमीटर. बसच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मध्येच उसाने भरलेले ट्रक दिसू लागले आणि आम्हा दोघांची नजर एकदमच त्यांच्याकडे गेली. आमच्या दोघांच्याही आईवडिलांनी आयुष्यभर ऊस तोडला. दसरा-दिवाळी झाली की गाव सोडायचे, पाच-सहा महिने कारखान्याच्या कोपीत राहायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. आमचे बालपण त्या कोपीत आणि उसाच्या फडात गेले. त्यामुळे लौटोकात समुद्र, नारळ आणि डोंगर सुंदर असले तरी आमचे पाय आपोआप साखर कारखान्याकडे वळले.

हा कारखाना १९०३ साली सुरू झाला. तो बंदराला लागूनच आहे. ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीचे रूळ थेट शहराच्या मधून, उंच पामच्या झाडांच्या रांगेशेजारून जातात. आता बराचसा ऊस ट्रकांनी येतो. फाटकाबाहेर ट्रकांची लांब रांग लागलेली असते आणि ड्रायव्हर केबिनमध्येच झोप काढतात. हवेत मळीचा तोच वास! आपल्याकडच्या कोणत्याही कारखान्याच्या काट्यावर उभे असल्यासारखे वाटले.

बाजारातली माणसे

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत गेलो. भाजी तिथे पुष्कळशी वजनावर विकत नाहीत, आपल्याकडच्यासारखे वाटे लावतात. भेंडी, वांगी, मिरची, कोथिंबीर यांच्या शेजारी दालो म्हणजे अळूचे मोठे कंद, कसावा आणि यांगोना या झाडाच्या वाळलेल्या मुळ्या. त्या मुळ्या कुटून पाण्यात कालवतात आणि नारळाच्या करवंटीतून पितात. याला कावा म्हणतात. पाहुणा आला की फिजियन माणूस कावा पुढे करतो.

विक्रेत्यांमध्ये मूळचे फिजियन होते, भारतीय होते, चिनीही होते. एका फिजियन बाईने 'बुला' म्हणून नमस्कार केला आणि आम्ही भारतातले आहोत असे कळताच सरळ हिंदीत भाव सांगितला. तिथली हिंदी वेगळी आहे. 'गया'ला ते 'गइस' म्हणतात, 'बोला'ला 'बोलिस'. वडिलांच्या आईला मात्र 'आजी'च म्हणतात. हा शब्द ऐकून आम्हाला फार बरे वाटले. शहरात चर्च, मशीद, गुरुद्वारा आणि मंदिर थोड्या थोड्या अंतरावर आहेत. दुपारी रोटीत बटाट्याची भाजी गुंडाळलेले 'रोटी पार्सल' घेतले. आमच्या बाकावर एक फिजियन पोलीस तेच खात बसला होता. त्याच्या गणवेशात पँटऐवजी लुंगीसारखा सुलू होता.

गिरमिट म्हणजे काय?

हे भारतीय तिथे कसे गेले? १८७४ साली फिजी इंग्रजांच्या ताब्यात गेले. मूळ फिजियन लोकांना मळ्यांवर राबवायचे नाही असे पहिल्या गव्हर्नरने ठरवले आणि मजूर भारतातून आणले. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' हे पहिले जहाज लेवुका बंदराला लागले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर स्त्री-पुरुष नेले गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, आणि १९०३ नंतर मद्रासकडचेही. पाच वर्षांचा करार असे. 'अ‍ॅग्रिमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते स्वतःला गिरमिटिया म्हणू लागले.

नेमून दिलेले काम पुरे झाले तर पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि स्त्रीला नऊ पेन्स. काम सोडले तर तुरुंग. दहा फूट लांब आणि सात फूट रुंद खोलीत तीन एकटे पुरुष किंवा एक जोडपे मुलांसह राहायचे. मजूर गोळा करणारा तो अरकाटी, फडावर हुकूम चालवणारा तो सरदार आणि त्याच्यावर गोरा 'कुलंबर'. मजुरांनी या जिण्याला एकच नाव दिले होते : नरक.

आमच्या वाचकांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे सरदाराच्या जागी मुकादम आहे आणि गिरमिटच्या जागी उचल आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, म्हणजे दोन माणसांचा हिशोब एका हत्याराच्या नावाने होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. फरक एवढाच की गिरमिट १ जानेवारी १९२० रोजी कायद्याने संपले. उचल अजून चालूच आहे.

गिरमिट संपण्यात एका गरीब बाईचा मोठा वाटा आहे. तिचे नाव कुंती. गोरखपूर जिल्ह्यातली, चर्मकार समाजातली. एप्रिल १९१३ मध्ये तिला एकटीला दूरच्या केळीच्या मळ्यात कामाला लावले आणि गोऱ्या ओव्हरसियरने तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला. तिने त्याच्या हातून सुटून नदीत उडी घेतली. होडीतल्या एका मुलाने तिला वाचवले. ही हकिगत कलकत्त्याच्या 'भारतमित्र' पत्रात छापून आली. सरकारने तिचे म्हणणे नाकारले, पण देशभर संताप उसळला. बाईच्या अब्रूचा आणि शरीराचा हा प्रश्न आपल्याही फडात आहे. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली.

जातीचा रकाना

आम्ही ज्या छोट्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो, तिथल्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी एक कागद आणून दाखवला. त्यांच्या आजीच्या पासाची ती नक्कल होती. प्रत्येक गिरमिटियाचा असा पास असे. त्यावर नाव, वडिलांचे नाव, वय, जिल्हा, ठाणे, गाव आणि 'जात' असे रकाने असत. जातीच्या रकान्यात आजीची जात लिहिलेली होती. आम्ही ती वाचली आणि त्यांच्या नातवाकडे पाहिले. त्याला त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. तो म्हणाला, हे गावाचे नाव असेल.

आम्ही दोघे थोडा वेळ काहीच बोललो नाही. आपल्याकडे एवढ्या वयाच्या मुलाला हा शब्द कोणी ना कोणी शिकवलेलाच असतो.

फिजीत हे कसे झाले? ब्रिज व्ही. लाल हे गिरमिटियाचे नातू. पुढे मोठे इतिहासकार झालेल्या लाल यांनी उत्तर भारतातून गेलेल्या ४५ हजार मजुरांचे पास तपासले. ब्राह्मणापासून चर्मकारापर्यंत सगळ्या जातींची माणसे त्यात होती. कलकत्त्याच्या डेपोत सर्वांचा स्वयंपाक एकत्र. जहाजावर एकत्र. मळ्यावर सर्वांना काम तेच, मजुरी तीच आणि खोलीही तशीच. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, त्यामुळे जात पाहून लग्न जुळवणे शक्यच नव्हते. जातपंचायत मागे राहिली, वेशीबाहेरची वस्ती मागे राहिली. एका जहाजातून आलेले ते 'जहाजी भाई' झाले आणि हे नाते पुढच्या पिढ्यांनीही पाळले.

म्हणजे फिजीत जात उपदेशाने गेली नाही. पाणवठा, पंगत, काम आणि लग्न हे चारही आधार सुटले तेव्हा ती खिळखिळी झाली. अर्थात सगळेच भेद गेले असे नाही. उत्तरेचे-दक्षिणेचे, हिंदू-मुसलमान हे वेगळेपण राहिले आहे. लग्नाच्या वेळी ते अजून डोके वर काढते, असे मालकीणबाईंनीच सांगितले.

जमीन आणि मत

इंग्रजांनी फिजियन आणि भारतीय यांना एकमेकांपासून दूर ठेवले. शाळा वेगळ्या, मतदारयाद्याही वेगळ्या. जवळजवळ नव्वद टक्के जमीन मूळ फिजियन कुळांच्या मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. या कायद्यामुळे फिजियन लोक भूमिहीन झाले नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. पण चार पिढ्या ऊस पिकवणारा भारतीय शेतकरी भाडेपट्ट्यावरच राहिला. १९९७ पासून पट्टे संपू लागले तेव्हा हजारो कुटुंबांना शेत सोडावे लागले. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७० मध्ये देश स्वतंत्र झाला. १४ मे १९८७ रोजी, म्हणजे पहिले जहाज आले त्याच तारखेला, कर्नल राबुका यांनी निवडून आलेले सरकार उलथवले, कारण त्यात भारतीयांचे प्राबल्य आहे असे म्हटले गेले. त्यानंतर हजारो भारतीय देश सोडून गेले. ऑकलंडचे आमच्या मुलाचे शेजारी त्यातलेच. २००० साली पुन्हा तोच प्रकार झाला. २०१३ च्या राज्यघटनेने वेगळ्या मतदारयाद्या काढून टाकल्या आणि सर्व नागरिकांना 'फिजियन' हे एकच नाव दिले. मे २०२३ मध्ये गिरमिट दिनाची पहिली सार्वजनिक सुटी झाली. तेव्हा पंतप्रधानपदावर असलेल्या राबुका यांनी १९८७ च्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली. 'माफीने गेलेले शेजारी परत येत नाहीत, पण ऐकून बरे वाटले,' असे मालकीणबाई म्हणाल्या.

आपण काय करू शकतो?

त्यांच्या घरात तो एक कागद आहे, म्हणून त्यांना आजीचे गाव माहीत आहे. गोऱ्यांच्या सरकारने ते पास हिशोबासाठी केले होते, पण आज सुवाच्या सरकारी दफ्तरखान्यात नातवंडे त्यात आपली माणसे शोधतात. आपल्या ऊसतोड आईवडिलांची अशी नोंद कुठे आहे? ती मुकादमाच्या वहीत होती आणि ती वही आपल्या हातात कधीच आली नाही. अलीकडे गावोगाव ऊसतोड कामगारांची नोंदणी होऊन ओळखपत्रे मिळू लागली आहेत. ज्यांनी नोंदणी केली नसेल त्यांनी जरूर करावी.

आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत, त्यांनी एक साधी शंभर पानी वही आणावी. कोणत्या साली, कोणत्या कारखान्याला गेलो, उचल किती होती, मुकादम कोण, कोणते मूल कोणत्या फडात जन्मले, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. लिहायचे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला द्यावे. तलवाड्याला परतल्यावर आम्ही आमची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर दोन्हीकडच्या आजींची नावे लिहिली आहेत. त्यात जातीचा रकाना ठेवलेला नाही.