वही घेताना

स्वाध्यायासाठी वही घेताना आपण मुखपृष्ठ आणि किंमत यांपलीकडे सहसा पाहत नाही. माझे लक्ष आधी जाते ते रेघांकडे. रोमन अक्षर तळरेघेवर बसते. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लोंबते. शिवाय त्याच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा मोठा संसार असतो. मोडी लिहिणारे लेखनिक तर आधी कागदभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरे टांगत. शाळेत मराठीसाठी दुरेघी आणि इंग्रजीसाठी चौरेघी वही असे, हे आपल्याला आठवत असेल. मोठेपणी मात्र दोन्ही लिप्यांना एकच एकेरी वही!

रेघा दाट असल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मग हात नकळत चिन्हे आखडू लागतो आणि 'आंबा'चा 'आबा' होतो. उत्तरपत्रिका तपासताना अशी अक्षरे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. परीक्षक दर वेळी अंदाज बांधेल, या भरवशावर राहणे विद्यार्थ्याला महागात पडते. म्हणून घरातल्या एखाद्या वहीत 'स्फूर्ती' हा शब्द लागोपाठच्या दोन ओळींत, एकाखाली एक, लिहून पाहा. त्यात चिन्हे वरही आहेत आणि खालीही. दोन्ही ओळी एकमेकींना भिडल्या, तर नवी वही याहून विरळ रेघांची घ्यावी.

कागदाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. ८० जीएसएमचे ए-फोर पान ५ ग्रॅम भरते. शाईच्या पेनासाठी ७० जीएसएमच्या खालचा कागद मी घेत नाही. बॉलपेनला तो चालून जातो. मात्र केवळ आकड्यावर विसंबू नये. कागदाला खळ नीट दिलेली नसेल, तर जाड पानावरही शाई फुटते.

दिवसभराची नोकरी आटोपून बसमध्ये मांडीवर किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लिहिणाऱ्याला, उघडल्यावर सपाट राहणारी वही हवी. दोऱ्याने शिवलेली वही तशी राहते. नुसती चिकटवलेली मिटू पाहते आणि बळाने उघडली की तिची पाने सुटतात. स्पायरलची सपाट राहते खरी, पण तिचे पान फाडणे फार सोपे. खाडाखोडीचे पान फाडू नये, उजळणीच्या वेळी तेच कामी येते.

चामडी बांधणीच्या महागड्या वह्यांविषयी विचाराल, तर भेट आलेल्या तशा दोन माझ्या कपाटात कोऱ्या आहेत. व्याख्यानांची टिपणे मी अजूनही दोनशे पानी, शिवलेल्या वहीतच काढतो.