शेरू आणि हवेची फळी

कलमांच्या बागेत माकडे हाकायला अब्बांनी शेरूला आणले, तेव्हा अम्मीने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. कुत्रा घरात यायचा नाही आणि उपाशी राहायचा नाही. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई मसलकाचे. ओल्या कुत्र्याचा स्पर्श झाला तर अंग सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने, हे आम्हांला लहानपणीच शिकवलेले. बागेच्या राखणीला कुत्रा ठेवायला मात्र परवानगी आहे. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या गुनाहांना माफी मिळाली, ती हदीस आम्ही उर्दू शाळेत मुलांना दरवर्षी सांगतो. अब्बा गेले आणि शेरू आमच्याकडे अमानत म्हणून राहिला.

डिसेंबर 2023 मध्ये धाकटा भाऊ दुबईहून सुट्टीवर आला. त्याच्या सामानात हवा भरायचा पॅडलबोर्ड होता. पंप मारला की दहा फुटांची फळी लाकडासारखी ताठ होते. तिच्यावर उभे राहायचे आणि एका वल्ह्याने वल्हवायचे. आमचे घर दाभोळ खाडीच्या काठी. फळी पाण्यात टाकताच शेरू उडी मारून तिच्यावर जाऊन बसला. आम्ही दोघे भाऊ हसलो. पडू नये म्हणून एका रविवारी आम्ही त्याच्या गळ्यातला दोर फळीच्या कडीला बांधला. शेरूच्या काळजीपोटीच केले, पण तिथेच चुकलो.

चांदाची दहावी तारीख होती. सकाळची भरती भरून ओहोटी लागली होती आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटला होता. पाणी आणि वारा दोन्ही खाडीच्या मुखाकडेच ओढणारे. धाकटा शेरूला घेऊन फळीवर, आम्ही काठाने चालतोय. बघता बघता फळी नांगरलेल्या मच्छीमार होडीवर गेली. शेरू घाबरून उडाला. होडीचा नांगरदोर मध्ये आला. एका बाजूला फळी, दुसऱ्या बाजूला शेरू, आणि गळ्यातला दोर ताणलेला. त्याचे डोके पाण्याखाली जात होते. धाकट्याच्या घोट्याचा पट्टाही त्याच नांगरदोरात अडकला होता. आम्ही काठावरून नुसते ओरडत राहिलो. जवळ जाळे साफ करत बसलेल्या चाचांनी होडी लोटली आणि सुरीने दोन्ही दोर कापले.

चाचा एवढेच म्हणाले, “मास्तर, पाण्यात जनावराला बांधतात काय?”

शेरूने बराच वेळ खारे पाणी ओकले. आम्ही त्याला उचलूनच घरी आणले. अम्मी काही बोलली नाही. तिने बागेतली मूठभर माती आणून आमच्यासमोर ठेवली आणि बादलीत पाणी भरले. अंग धुताना आम्हांला एकमेकांकडे बघवेना.

पुढे आम्ही हे सारे नीट शिकून घेतले. कुत्र्याला फळीला कधीच बांधायचे नाही. त्याला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट घालायचे, पाठीवर धरायला पट्टा असलेले. त्याने उडी मारली तर त्याच्यामागे उडी न मारता फळी जवळ न्यायची आणि त्या पट्ट्याला धरून त्याला वर घ्यायचे. आधी अंगणातल्या कोरड्या फळीवर ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवायचे, मग गुडघाभर पाण्यात. आपणही सुरुवातीला गुडघ्यांवरच बसायचे. फळी वाऱ्याने निसटू नये म्हणून माणसाला तिचा दोर हवाच, पण जिथे प्रवाह, खांब आणि नांगरदोर आहेत तिथे घोट्याला नव्हे, तर झटक्यात सुटेल अशा कमरपट्ट्याला. सोबत गोड्या पाण्याची बाटली घ्यायची, कारण तहानेला कुत्रा खारे पाणी पितो आणि आजारी पडतो. उन्हात फळी तापते, म्हणून हात टेकवून बघायचा. चटका लागला तर त्याच्या पंजांनाही लागणार.

आणि चांद बघायचा. रोजे आणि ईदसाठी चांद बघणारे आम्ही, त्याच चांदावर खाडी चालते हे विसरलो होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, सातवी-आठवीच्या सुमारास भांग. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. आता आम्ही भांगाच्या दिवसांत, भरती चढत असताना आणि वारा पडलेला असतानाच निघतो. फेरीबोटीच्या वाटेला जात नाही.

शेरू वर्षभर फळीजवळ फिरकला नाही. आम्हीही त्याला बोलावले नाही. मग एक दिवस तो आपणहून येऊन बसला. आम्ही त्याला जॅकेट घातले आणि काठाकाठाने पाव तास फिरवून आणले. परतलो तेव्हा अम्मी पायरीवर उभी होती. बादली भरलेली होती आणि बाजूला मातीचे डबडे काढून ठेवलेले होते.