टायच्या मुंड्या

तार सोलताना उजवा अंगठा थरथरायला लागला, तेव्हापासून फेरूल दाबायचं काम भाचीकडे गेलं. ती डिप्लोमाला आहे. तिच्या क्रिम्पिंगला मी नावं ठेवतो, ती ऐकून घेते. परवा मात्र तिनं माझीच बोलती बंद केली.

घरच्या सीएनसी राउटरची गोष्ट. दीड किलोवॅटचा स्पिंडल, त्याला ड्राइव्ह, हुकूम सोडायला अर्डुइनो. स्पिंडल बंद असेल तर मशिन गुणी बाळ. तो फिरायला लागला की मध्येच कधीतरी लिमिट अलार्म आणि गँट्री जागच्या जागी उभी. लिमिट स्विचला कशाचाही धक्का नाही. कधी पाच मिनिटांनी, कधी चाळीस. सागाची पाटी अर्धी कोरून वाया.

भोसरीत तीस वर्षं पॅनेल वायरिंग केलेला माणूस मी; पहिला संशय अर्थिंगवर. आणि सापडलंही! स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी पिन आत कशालाच जोडलेली नव्हती. या स्वस्त स्पिंडलांत ते नेहमीचंच. बॉडीला अर्थ मारला, पॅनेलचा रंग खरवडून लग बसवला, मीटर बीप वाजला. खुशीत चहा सांगितला. चहा यायच्या आत अलार्म.

पुढे पंधरा दिवस तेच. स्विच बदलले, लग पुन्हा आवळले. लॅपटॉपचा चार्जर काढला की जरा बरं, पण दुखणं जाईना. मीटर प्रत्येक वेळी शून्य ओहम. त्या बीपनंच मला फसवलं. मीटर मोजतो तो बॅटरीचा संथ करंट. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडतो-जोडतो. त्या धारदार कडांना अर्थची वीतभर तारही आडवी येते, आणि शेजारच्या तारेत शिरायला मात्र जोडसुद्धा लागत नाही.

गल्लीतल्या एकानं सुचवलं, मशिनला वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या, मीठ-कोळसा घालून. असले खड्डे विकणाऱ्यांची मला चीड आहे. घराच्या अर्थिंगला न जोडलेला रॉड म्हणजे बॉडीला फेज लागला तर करंट मातीतून वाट शोधत बसणार आणि एमसीबी ढिम्म. नॉइज तर आहे तिथेच. हल्लीची पोरं दुसऱ्या टोकाला: केसांसारख्या जम्पर वायरी, फेरूल माहीत नाही, तरी मशिन चालतं. याचा राग जास्त.

‘‘मामा, स्विचची तार ड्रॅग चेनमधून बाहेर काढून बघू?’’ भाचीनं विचारलं. मी नको म्हणालो. खरं सांगायचं तर चौथ्या दिवशीच मलाही तो संशय आला होता. पण ड्रॅग चेनमधली आणि डक्टमधली ती जुडी माझी शान होती. स्पिंडलच्या केबलला बिलगून स्विचच्या तारा, दर दोन इंचांवर टाय, टायच्या मुंड्या एका ओळीत. कंपनीत साहेब माझं पॅनेल उघडून पाहुण्यांना दाखवायचे. ते कापायला नको म्हणून मी स्विच बदलत बसलो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला शेजारची कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून कंपनीत हे खपलं. अर्डुइनोची पाच व्होल्टची पिन हलक्या कानाची. आतला पुल-अप वीस ते पन्नास किलोओहमचा, म्हणजे नावालाच.

दुपारी माझा डोळा लागला असताना तिनं टाय कापले आणि स्विचची तार सुतळीनं पंख्याच्या हुकाला टांगली. उठलो तेव्हा मशिन चालूच होतं. पाटी पुरी झाली.

आता स्विचच्या तारा दुसऱ्या बाजूनं येतात, त्यांची शील्ड फक्त पॅनेलकडे अर्थला. स्पिंडलच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना, पट्टीखाली गोल दाबून. शील्डची शेपटी वळून लग मारायची माझी सवय भाचीनं मोडली. पिनेजवळ बाहेरून एक पुल-अप आणि छोटा कपॅसिटर. दोन्ही तारा एके ठिकाणी काटकोनात एकमेकींना ओलांडतात, अगदी वेड्यावाकड्या. अलार्म परत आलेला नाही.

कुणी मशिन बघायला आलं, की मी आधी पॅनेलचं दार लावून घेतो.